अल-हमराच्या भिंतीसमोर बसलेला विद्यार्थी : एम. सी. एशर

व्हॉट्सॲपवर फिरणारं एक चित्र तुम्ही नक्की पाहिलं असेल. एका इमारतीच्या गच्चीवर चौकोनी जिना आहे. माणसं चढत राहतात, चढत राहतात आणि फिरून पुन्हा त्याच पायरीवर येतात. दुसऱ्या एका चित्रात दोन हात एकमेकांना काढताहेत. तिसऱ्यात काळे पक्षी डावीकडे उडताहेत आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून पांढरे पक्षी उजवीकडे. मुलांना ही चित्रं फार आवडतात. पण ती काढली कुणी, हे विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही.

काढणारे होते मॉरिट्स कॉर्नेलिस एशर, हॉलंडचे. आणि त्यांच्या या सगळ्या करामतीचं एक मोठं मूळ उंदलुसमध्ये आहे, गरनाताच्या अल-हमरा राजवाड्याच्या भिंतींवर. म्हणजे आपल्याच वारशात. ही गोष्ट आपल्या घरांमध्ये फारशी सांगितली जात नाही, म्हणून आज सांगते.

मी शाळेत गणित शिकवते. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली एक मुलगी गणिताच्या वहीच्या समासात मेंदीसारखी नक्षी काढत बसली होती. एकच पान, एकच कळी, पुन्हा पुन्हा. मी तिला सगळ्यांसमोर बोलले, वही वाया घालवू नकोस म्हणाले. पुढे एशर यांचं आयुष्य वाचलं तेव्हा ती मुलगी आठवली आणि मनातल्या मनात मला लाज वाटली. का, ते शेवटी कळेल.

शाळेत मागे पडलेला मुलगा

एशर यांचा जन्म १७ जून १८९८ रोजी हॉलंडच्या उत्तरेकडच्या लेवार्डेन गावात झाला. वालिद सिव्हिल इंजिनियर होते, सरकारी कामावर. तरुणपणी काही वर्षं त्यांनी जपानमध्येही बांधकामाचं काम केलं होतं. घर खाऊनपिऊन सुखी आणि शिकलेलं. मुलांमध्ये हा सगळ्यात धाकटा, तब्येतीने नाजूक.

१९०३ मध्ये कुटुंब आर्नहेम शहरात आलं. तिथली शाळा या मुलाला कधी मानवली नाही. दोन वेळा वरच्या वर्गात जाता आलं नाही आणि शेवटच्या परीक्षेत तर तो नापासच झाला. ज्या माणसाच्या चित्रांवर पुढे गणिताचे प्राध्यापक व्याख्यानं देणार होते, तो शाळेत गणितात कच्चा होता. पालकांनी हे वाक्य जरा थांबून वाचावं.

वालिदांची इच्छा होती की मुलाने निदान इमारतींचे आराखडे काढायला शिकावं. म्हणून १९१९ मध्ये त्याला हार्लेम शहरातल्या वास्तुकला आणि सजावट कलेच्या शाळेत घातलं. तिथे पहिल्याच आठवड्यांत नशीब बदललं. शाळेत ठसे कोरून चित्रं छापायची कला शिकवणारे एक उस्ताद होते, सॅम्युएल येसुरुन दे मेस्किता. या मुलाने आपली काही चित्रं त्यांना दाखवली. मेस्किता सरांनी ती पाहिली आणि सल्ला दिला की आराखडे सोड, ठशांच्या कलेकडे ये. वालिदांनी मान्य केलं. पुढची कित्येक वर्षं मुलाची कमाई नसताना त्यांनी खर्चही उचलला.

या मेस्किता नावाबद्दल थोडं सांगते. सर ज्यू होते, ज्यांचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालच्या भागातून आलेले असतात त्या सेफार्दी ज्यूंपैकी. आणि पोर्तुगीज भाषेत मेस्किता या शब्दाचा अर्थ आहे मस्जिद. १४९२ मध्ये गरनाता पडलं, त्याच वर्षी स्पेनमधून ज्यूंना हाकलण्याचा हुकूम निघाला. मुसलमानांवर तीच वेळ काही वर्षांनी आली. तर ज्या शागिर्दाला पुढे अल-हमराच्या भिंतींनी वेड लावलं, त्याच्या उस्तादाच्या नावातच मस्जिद होती.

पहिली भेट

मेस्किता सरांकडे असतानाच, १९२२ मध्ये, एशर यांनी आठ चेहऱ्यांचा एक लाकडी ठसा कोरला. चार चेहरे सरळ आणि चार उलटे, मध्ये कुठेही मोकळी जागा नाही. हा ठसा बाजूबाजूला छापत गेलं की चेहऱ्यांनी सगळा कागद भरून जातो. म्हणजे फट न ठेवता जागा भरण्याची हौस त्यांना आधीपासून होती. अल-हमराने सगळं शून्यातून दिलं असं मी म्हणणार नाही, ते खरं होणार नाही. पण हौस आणि इल्म यांत फरक असतो. तो फरक गरनातात कळला.

शिक्षण संपवून १९२२ च्या शरद ऋतूत ते मालवाहू जहाजाने स्पेनला गेले आणि फिरत फिरत अल-हमरापर्यंत पोहोचले.

अल-हमराची थोडी ओळख करून द्यायला हवी. नसरी घराण्याचा पहिला सुलतान मुहम्मद इब्न अल-अहमर याने १२३८ च्या सुमाराला हा किल्ला-राजवाडा उभा करायला सुरुवात केली. पुढच्या सुलतानांनी, विशेषतः चौदाव्या शतकात, त्याचे दिवाणखाने आणि अंगणं सजवली. भिंतींच्या खालच्या भागात रंगीत काचरोगणाच्या फरशांचे तुकडे, वर चुन्या-प्लास्टरची जाळीदार नक्षी आणि सगळीकडे खत्तातीतली अक्षरं. अल्लाहशिवाय विजयी कुणी नाही, हे नसरींचं घोषवाक्य भिंतींवर शेकडो वेळा कोरलेलं आहे. २ जानेवारी १४९२ ला राजवाडा हातातून गेला, घोषवाक्य भिंतींवर राहिलं.

त्या फरशांच्या कामाला अरबीत जिलीज म्हणतात. कारागीर आधी रोगण दिलेली फरशी भाजून घेतो, मग हत्याराने ठोकत ठोकत तिचे ठरलेल्या आकाराचे तुकडे पाडतो. तारा, हाड, पाखरू, पट्टी. हे हजारो तुकडे एकमेकांत असे बसवतो की कुठे फट राहत नाही आणि एक तुकडा दुसऱ्यावर चढत नाही. पांढरा, हिरवा, निळा, काळा, मधाळ पिवळा.

चोवीस वर्षांचे एशर हे सगळं बघून थक्क झाले. एक नमुना त्यांनी वहीत उतरवून घेतला आणि पुढे निघाले. नंतर १९२६ च्या आसपास त्यांनी प्राण्यांचे आकार घेऊन असं काही करून पाहिलं, पण जमेना. आकार ओढूनताणून बसवल्यासारखे वाटायचे. त्यांनी नाद सोडला. पुढची दहा वर्षं हे बियाणं जमिनीतच राहिलं.

इटलीतले दिवस

इटलीत राव्हेल्लो गावात त्यांची गाठ येट्टा उमिकर या स्विस तरुणीशी पडली. १९२४ मध्ये लग्न झालं, रोममध्ये संसार थाटला, मुलं झाली. दर वसंत ऋतूत एशर पाठीवर पिशवी टाकून दक्षिण इटलीच्या डोंगरांत पायी फिरायचे, समुद्रकाठची गावं, उतरणीवरची घरं रेखाटून आणायचे आणि हिवाळ्यात त्यांचे ठसे करायचे. ते फार खूश होते. चित्रं चांगली होती, पण विकली फार जात नव्हती.

मग मुसोलिनीची हुकूमशाही घरात शिरली. नऊ वर्षांच्या मोठ्या मुलावर शाळेत फॅसिस्ट गणवेश घालण्याची सक्ती झाली. एशर राजकारणात पडणारे नव्हते, पण आपल्या मुलाच्या अंगावर तो गणवेश त्यांना नको होता. १९३५ मध्ये लाडकं इटली सोडून कुटुंब स्वित्झर्लंडला गेलं.

तिथे चहूकडे बर्फ. एशर यांना ते पांढरं जग रुचेना, समुद्राची आठवण येत राहायची. असं सांगतात की एका रात्री त्यांना लाटांचा आवाज आला म्हणून ते जागे झाले, तर येट्टा केस विंचरत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी इटलीतल्या एका जहाज कंपनीला पत्र लिहिलं. मला आणि माझ्या बायकोला तुमच्या मालवाहू जहाजांवरून भूमध्य समुद्रात फिरवा, बदल्यात मी तुमच्या बंदरांची चित्रं छापून देतो. कंपनी चक्क तयार झाली.

१९३६, दुसरी भेट

या सफरीत मे १९३६ मध्ये एशर नवरा-बायको पुन्हा अल-हमरात आले. या वेळी एका नमुन्यावर भागलं नाही. दोघं रोज भिंतींसमोर बसायचे, कागद-पेन्सिल आणि रंग घेऊन. येट्टाही सोबतीने नक्कल करायच्या. प्रत्येक तुकड्याचा आकार, कोन, रंग, तो शेजारच्या तुकड्याजवळ कसा जातो, कुठल्या बिंदूभोवती फिरतो, हे सगळं नीट उतरवून घेतलं.

तिथून ते कुरतुब्याच्या मस्जिदीतही गेले आणि तिथल्या कमानींचं रेखाटन केलं. उर्दू वाचणाऱ्यांना इथे अल्लामा इक्बाल आठवतील. तेही १९३३ मध्ये त्याच मस्जिदीत उभे होते आणि त्यातून त्यांची मशहूर नज्म झाली. तीन वर्षांच्या अंतराने दोन माणसं त्या खांबांखाली उभी राहिली. एकाने तिथून कविता नेली, दुसऱ्याने भूमिती.

सफरीत एक भानगडही झाली. कार्ताहेना बंदरात जुन्या तटबंदीचं चित्र काढताना पोलिसांनी एशर यांना हेर समजून पकडलं, काही तास बसवून ठेवलं, रेखाटनं जप्त केली. स्पेनची हवा तापलेली होती. जुलैमध्ये तिथे यादवी युद्ध पेटलंच. म्हणजे दोन महिने उशीर झाला असता तर ही भेट झालीच नसती.

भिंतीने काय शिकवलं

आता थोडं गणित. घाबरू नका, सातवीच्या मुलाला समजेल असंच आहे.

समजा एकाच आकाराच्या सारख्या बाजूंच्या फरश्या घेऊन जमीन भरायची आहे. एका बिंदूभोवती कोनांची बेरीज ३६० अंश झाली पाहिजे. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंश, सहा त्रिकोण बसतात. चौरसाचा ९०, चार बसतात. षटकोनाचा १२०, तीन बसतात. पंचकोनाचा कोन १०८. तीन ठेवले की ३२४ होतात, ३६ अंशांची फट उरते आणि चौथा काही मावत नाही. म्हणून सारख्या बाजूंच्या आणि सारख्या कोनांच्या नुसत्या पंचकोनांनी जमीन भरत नाही. सारख्या बाजूंचे आणि सारख्या कोनांचे फक्त तीनच आकार चालतात.

उंदलुसचा कारागीर इथे थांबला नाही. त्याने चौरस घेतला, दोन बाजूंतून थोडा भाग कापला आणि तोच भाग दुसऱ्या दोन बाजूंना बाहेर काढला. तयार झालं हाड. एकूण जागा तेवढीच, पण आता तो साधा चौरस राहिला नाही. त्रिकोणाची प्रत्येक बाजू अर्धी आत आणि अर्धी बाहेर वळवली, तर पंख पसरलेलं पाखरू झालं. जेवढं इथून घेतलं तेवढं तिथे द्यायचं, एवढाच नियम.

मग या तुकड्यांच्या चाली. तुकडा सरळ सरकवता येतो, एका बिंदूभोवती फिरवता येतो, आरशातल्यासारखा उलटा करता येतो, आणि सरकवता सरकवता उलटाही करता येतो, जसे ओल्या वाळूत डाव्या-उजव्या पायाचे ठसे उमटतात. एवढ्या चारच चाली. त्यांतून सपाट जागेवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीचे नेमके १७ प्रकार होतात, ना एक जास्त ना एक कमी. हे रशियन शास्त्रज्ञ फेडोरोव यांनी १८९१ मध्ये सिद्ध केलं. अल-हमराच्या कारागिरांकडे ही सिद्धता नव्हती. त्यांच्याकडे परकार होता, पट्टी होती, उस्तादाकडून शागिर्दाकडे आलेला हुनर होता आणि सब्र होता.

एशर यांनी घरी येऊन यावर कामाला सुरुवात केली. १९३७ मध्ये त्यांनी ही चित्रं मोठे भाऊ बेरेंड यांना दाखवली. बेरेंड लायडन विद्यापीठात भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांना लगेच स्फटिकांची रचना आठवली आणि त्यांनी धाकट्या भावाला काही शोधनिबंधांची नावं दिली. त्यातला एक होता पोल्या या गणितज्ञाचा, १९२४ चा, १७ प्रकारांच्या चित्रांसह. लेखातलं गणित एशर यांना कळलं नाही. चित्रं मात्र कळली. त्यांनी ती सगळीच्या सगळी वहीत उतरवून घेतली आणि आपल्या पद्धतीने, स्वतःच्या खुणा वापरून, सगळे नियम नव्याने मांडले. पुढे या अभ्यासाची १३७ क्रमांक दिलेली रंगीत चित्रं तयार झाली. ती त्यांची कार्यशाळा होती, मोठ्या चित्रांचा कच्चा माल.

फरक एवढाच की कारागिरांच्या ताऱ्या-पाखरांच्या जागी एशर यांनी ओळखू येणारे जीव आणले. मासे, पाली, बदकं, घोडेस्वार. षटकोनातून त्यांनी पाल काढली, तिचे पाय शेजारच्या पालीच्या बगलेत बसतात. १९४३ च्या एका शिळाछापात या पाली कागदावरून जिवंत होऊन उठतात, पुस्तकावर चढतात, मग भूमितीच्या गुण्यावरून जातात, बारा पंचकोनी बाजूंच्या ठोकळ्यावर उभ्या राहून नाकातून वाफ सोडतात आणि पुन्हा उतरून कागदातल्या नक्षीत मिसळतात. १९३८ च्या दिवस आणि रात्र या चित्रात शेतांचे चौकोनच हळूहळू पक्षी होतात. १९३९-४० च्या मेटामॉर्फोसिसमध्ये चौकटींतून पाल, पालीतून षटकोन, त्यातून मधमाशा, मासे, पक्षी, पुढे इटलीतलं एक गाव आणि पुन्हा चौकटी, अशी जवळजवळ चार मीटरची पट्टी आहे. अशी पट्टी लाकडावर उलटी कोरायची आणि हाडाच्या चमच्याने घासून हाताने छापायची. एशर डावखुरे होते.

एक प्रश्न, आपल्यासाठीही

एशर यांना एका गोष्टीचं कायम नवल वाटायचं. एवढे निष्णात कारागीर, पण त्यांनी या नक्षीत प्राणी-पक्षी का आणले नाहीत? त्यांनी याबद्दल लिहिलं आहे आणि त्यात थोडी खंतही आहे.

आपल्याला वाटेल, उत्तर सोपं आहे, इस्लामी परंपरेत सजीवांची चित्रं टाळली जातात. इबादतीच्या जागी तर नक्कीच. पण इतिहास एवढा सरळ नाही. खुद्द अल-हमरात बारा दगडी सिंहांचं कारंजं आहे आणि एका दालनाच्या छतावर माणसांची रंगीत चित्रं आहेत. इराणी आणि मुघल लघुचित्रं तर जगभर मशहूर आहेत. मसल्याची चर्चा आलिमांनी करावी, तो माझा विषय नाही. मला शिक्षिका म्हणून एवढंच दिसतं की या कारागिरांनी भूमितीला नाइलाज म्हणून जवळ केलं नव्हतं, त्यांचं तिच्यावर प्रेम होतं. ज्याचा शेवट दिसत नाही, जे चौकटीच्या पलीकडेही तसंच चालू राहील असं वाटतं, त्यातून त्यांना काहीतरी सांगायचं होतं. एशर यांनाही आयुष्यभर अनंताचाच ध्यास होता. दोघांची वाट वेगळी, ओढ मात्र एकच होती.

मेस्किता सरांचं शेवटचं

१९४१ मध्ये एशर कुटुंब हॉलंडमधल्या बार्न गावी आलं. देश तेव्हा हिटलरच्या ताब्यात होता. कलाकारांनी नाझींच्या सरकारी संघटनेत नाव नोंदवलं तरच प्रदर्शन भरवता यायचं. एशर यांनी नाव नोंदवलं नाही. शांतपणे घरात बसून काम करत राहिले.

मेस्किता सर तेव्हा ॲमस्टरडॅममध्ये होते, वय पंच्याहत्तर, तब्येत खालावलेली. एशर अधूनमधून त्यांना भेटायला जायचे. १९४४ च्या जानेवारीच्या अखेरीस एका रात्री जर्मनांनी सरांना, त्यांच्या बायकोला आणि मुलाला उचलून नेलं. फेब्रुवारीत एशर भेटायला गेले तर घर रिकामं, चित्रं जमिनीवर आणि जिन्यात विखुरलेली. सर आणि त्यांची पत्नी आउश्वित्झच्या छावणीत मारले गेले. मुलगाही त्याच वर्षी दुसऱ्या छावणीत गेला.

एशर यांनी जमेल तेवढी चित्रं गोळा केली. इतर मित्र-शागिर्दांनीही केली. त्या काळात हे धोक्याचं काम होतं. ही चित्रं ॲमस्टरडॅमच्या स्टेडलिक संग्रहालयात सुखरूप ठेवली आणि युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, तिथेच सरांच्या स्मरणार्थ प्रदर्शन भरवलं. सरांच्या एका कागदावर जर्मन शिपायाच्या खिळ्यांच्या बुटाचा ठसा उमटलेला होता. तो कागद एशर यांनी आपल्या कामाच्या खोलीत लावून ठेवला.

आपल्याकडे उस्तादाचा दर्जा काय, हे मी सांगायला नको. आज ज्यू आणि मुसलमान हे शब्द एकत्र आले की डोक्यात फक्त भांडण येतं. त्या भांडणातलं दुःख खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण एका निरपराध म्हाताऱ्या शिक्षकाला त्याच्या जातीमुळे रात्री घरातून ओढून नेणं हा जुलूमच आहे, तो कुणावरही होवो. मुलांना हा भाग गाळून ही गोष्ट सांगू नका.

उशिरा आलेलं नाव

एशर यांना प्रसिद्धी मिळाली तेव्हा पन्नाशी उलटून गेली होती. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या दोन मोठ्या साप्ताहिकांनी त्यांच्यावर लिहिलं आणि मागणी वाढली. चित्रकलेच्या जगाने मात्र त्यांना बराच काळ बाजूलाच ठेवलं. हे काय, हा तर डोक्याचा खेळ, असं त्यांचं मत.

आपलेसे केलं ते गणितवाल्यांनी. १९५४ मध्ये ॲमस्टरडॅमला गणितज्ञांचं जागतिक संमेलन भरलं, त्यानिमित्त स्टेडलिक संग्रहालयात एशर यांचं प्रदर्शन झालं. बघणाऱ्यांत कॅनडातले प्राध्यापक कॉक्सेटर होते आणि तरुण रॉजर पेनरोज होते. पेनरोज आणि त्यांच्या वालिदांनी पुढे अशक्य जिन्यावर निबंध लिहिला, त्यावरून एशर यांनी १९६० मध्ये तो न संपणारा जिना काढला. १९६१ चा धबधबाही पेनरोज यांच्या अशक्य त्रिकोणावर उभा आहे.

१९५८ मध्ये कॉक्सेटर यांनी त्यांना आपला एक निबंध पाठवला. त्यातल्या एका आकृतीत वर्तुळ होतं आणि कडेकडे त्रिकोण लहान लहान होत गेले होते. एशर यांना मजकूर कळला नाही, पण त्यांनी परकार घेऊन आकृतीवरूनच तिची रचना शोधून काढली. त्यातून वर्तुळमर्यादा नावाची चार चित्रं झाली. मासे मध्यापासून कडेपर्यंत लहान होत जातात आणि कधी संपत नाहीत. एशर यांच्या मृत्यूनंतर कॉक्सेटर यांनी त्यातलं तिसरं चित्र मोजून पाहिलं. सगळं बिनचूक निघालं. शाळेत नापास झालेल्या मुलाने नुसत्या नजरेने आणि परकाराने ते साधलं होतं.

शेवटची वर्षं आजारपणात गेली. शस्त्रक्रिया झाल्या, १९६८ मध्ये येट्टा स्वित्झर्लंडला परत गेल्या, घर सुनं झालं. त्या काळात जगभरचे तरुण त्यांची चित्रं भडक रंगांत छापून भिंतीवर लावत होते, एशर यांना ते आवडायचं नाही. १९६९ मध्ये त्यांनी शेवटचा ठसा कोरला, कड्यांच्या जाळ्यातून डोकं काढणारे तीन साप. ठसे फिरवून तीनदा छापायचे की वर्तुळ पूर्ण होतं. हात तेव्हाही थरथरला नव्हता. १९७० मध्ये ते लारेन गावच्या कलावंतांच्या निवासात राहायला गेले आणि २७ मार्च १९७२ रोजी, ७३ व्या वर्षी, त्यांनी डोळे मिटले. मागे सुमारे साडेचारशे छापचित्रं आणि दोन हजारांहून जास्त रेखाटनं राहिली. हेग शहरात एका जुन्या राजवाड्यात आता त्यांचं संग्रहालय आहे.

आपण काय घ्यायचं

अशी गोष्ट वाचली की आपण लगेच छाती फुगवतो. बघा, आमच्या पूर्वजांनी किती केलं. अभिमान जरूर असावा. पण एक प्रश्न मला सतावतो. त्या भिंतींसमोर दिवसेंदिवस बसून एकेक तुकडा मोजणारा माणूस परका होता. आपल्यातले किती जण आपल्या मोहल्ल्यातल्या मस्जिदीच्या जाळीसमोर पाच मिनिटं थांबलेत? औरंगाबादला बीबी का मकबऱ्याच्या सहलीत आम्ही मुलांना घेऊन जातो. मुलं सेल्फी काढतात, आम्ही डोकी मोजतो आणि बस सुटते. मजारभोवतीच्या संगमरवरी जाळीत कोणता आकार पुन्हा पुन्हा येतो, हे मी स्वतः कितीतरी सहलींनंतर पहिल्यांदा बघितलं. कारागिरांची नावं आपल्याला माहीत नाहीत. निदान त्यांचं काम तरी बघावं.

घरी एक करून बघा. पुठ्ठ्याचा चौरस कापा. डाव्या बाजूतून कसाही वाकडातिकडा तुकडा कापा आणि तो सरळ सरकवून उजव्या बाजूला चिकटपट्टीने जोडा. वरच्या बाजूचा तुकडा खालच्या बाजूला जोडा. आता हा आकार वहीवर ठेवून पेन्सिलने गिरवा, सरकवा, पुन्हा गिरवा. फट राहणार नाही. मग मुलाला विचारा, हा कशासारखा दिसतो. आकारांच्या या खेळातून त्याला क्षेत्रफळ का बदललं नाही ते कळेल, आणि ते तुम्ही न सांगता कळेल.

ती समासात नक्षी काढणारी मुलगी आता शाळेत नाही, कॉलेजात गेली असेल. तिने वहीत जे चालवलं होतं ते फिरवणं आणि सरकवणं होतं, म्हणजे मी त्याच तासाला फळ्यावर शिकवायला हवं होतं ते. मेस्किता सरांनी एका नापास मुलाची चित्रं हातात घेऊन नीट पाहिली होती. मी पाहिली नव्हती. आता वर्गात कुणी समासात काही काढताना दिसलं तर आधी जवळ जाऊन बघते, मगच बोलते.

अल्लाह आपल्या मुलांना इल्म आणि हुनर दोन्ही देवो, आणि ते ओळखणारी नजर आपल्याला देवो. आमीन.